मागच्या पत्र्यावर एक थाप

पर्वत पाटिया, सुरत
५ जानेवारी

प्रदीप,

जयभीम. आशीर्वाद शेवटी देईन, आधी मला भांडू दे.

फोन केला की तू "आई, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस आणि ठेवतोस. तुमच्या पुण्यात कामं कधी करतात रे, की नुसत्या मीटिंगाच? म्हणून पत्र लिहितेय. शिवाय आपल्या एवढ्याशा घरात फोनवर बोललं की आबांच्या कानावर जातंच, आणि हे त्यांच्या कानावर जायला नकोय. साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम आज लवकर उरकलं, तर बसले. चुका काढू नकोस, तुझी आई सातवी पास आहे.

बातमी अशी की तुझ्या गाड्या आल्या. इच्छापोरच्या यार्डात. ते तुला माहीतच असणार, तूच पाठवल्यास. पण त्या यार्डात तुझे आबा काम करतात, हे माहीत आहे का? तू रुसून गेलास त्यानंतर त्यांनी कतारगामचं काम सोडलं आणि इच्छापोरच्या शेठकडे लागले. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही.

आबा घरी चकार शब्द काढत नाहीत. मला सगळं हिलाल काका सांगतात, तेही आबांबरोबर तिथेच लागलेत. पांढऱ्या गाड्या, आवाज नाही, धूर नाही, आणि स्टिअरिंगवर माणूसच नाही. कारखान्यातून कापडाच्या गाठी भरायच्या आणि गोदामाच्या ओट्याला जाऊन लागायचं, सगळं आपलं आपण. शेडच्या छतावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सोलरच्या काळ्या पाट्या टाकल्यात. दुपारच्या सुट्टीत माणसं डबा खातात आणि गाड्या ऊन खातात, असं हिलाल काका म्हणाले. यार्डातला डिझेलचा पंप बंद झाला. पंपावरचा मारुती आता शिडी घेऊन पाट्या धुतो.

आबांचा ट्रक भिंतीला लावून ठेवलाय. त्यांना एक हिरवं जाकीट दिलं आणि शिट्टी. मार्शल म्हणतात. गाडीबरोबर चालायचं आणि ती ओट्याला लागली की चाकामागे ठोकळा लावून घ्यायचा. घरी आले की ते जाकीट दाराआड उलटं करून टांगतात, पाठीवरची अक्षरं दिसू नयेत म्हणून. मी ते तसंच राहू देते. त्यांचा खोकला कमी झालाय, ते मी बोलून दाखवत नाही.

आता मुद्द्याचं. मला एकच विचारायचंय. तुझ्या गाडीला थाप कळते का?

तुला हे समजावून सांगायची वेळ यावी! तू आबांच्या केबिनमध्ये झोपून वाढलास. ट्रक गल्लीतून निघायचा तेव्हा सगळ्यात मागे तू उभा असायचास, चाकाच्या निम्म्याएवढा. पण माणूस साहेब झाला की विसरतो, म्हणून सांगते. मागच्या पत्र्यावर एक थाप दिली की ड्रायव्हरने जिथल्या तिथे थांबायचं. का, कशाला, काही विचारायचं नाही. थाप दिली की हिलाल काका डोळे झाकून चाकाशी वाकायचे आणि लाकडी ठोकळा सरकवायचे. आबांच्या आणि त्यांच्या जोडीत जन्मभर असंच चाललं.

तर गाडीला थाप कळते की नाही, एवढं कळव. सहज विचारतेय. हिलाल काकांना जरा लागलंय. विशेष काही नाही.

आता आशीर्वाद घे. वेळेवर जेव.

आई

९ जानेवारी

प्रदीप,

तुझा मेसेज मिळाला. "आई, बघतो." बघतो? मी काय तुला डोळ्याचा डॉक्टर म्हणून विचारलं होतं? एवढं मोठं पत्र कुरियरने पाठवलं, आणि माझा मुलगा दोन शब्दांत मोकळा.

मग आता ऐक. विशेष काही नाही असं लिहिलं ते खोटं होतं.

हिलाल काकांच्या पायावरून तुझ्या गाडीचं चाक गेलंय. गाडी मागे येत होती. काकांनी नेहमीसारखी पत्र्यावर थाप दिली आणि ठोकळा घेऊन वाकले. गाडी थांबली नाही. तिचे डोळे म्हणे वर बसवलेत, अगदी चाकाशी वाकलेला माणूस त्यांना दिसत नाही. मनोऱ्यात एक जण लाल बटण घेऊन बसलेला असतो, त्याने दाबलं, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. पुढचा पंजा चिरडला. दोन बोटं काढावी लागली, बाकीचं कसं राहतंय ते डॉक्टर अजून सांगत नाहीत.

मी दवाखान्यात गेले तर काका मलाच समजावतात. "वहिनी, मी थाप दिनी. ती थांबनीच नई." एवढंच, पुन्हा पुन्हा. रागाने नाही रे. नवल वाटल्यासारखं.

राग त्यांच्या ज्योती काकूला आला होता. तिने मला बाहेर बाकावर ओढत नेलं आणि म्हणाली, "तुमना आंडोरनी गाडी शे म्हनीसन यासनी भरोसा ठेवा, वहिनी. आते पाय कोन दी?" तुमच्या मुलाची गाडी म्हणून भरवसा ठेवला, आता पाय कोण देणार? मी म्हटलं, माझ्या मुलाची गाडी आहे हे हिलाल भाऊंना कुणी सांगितलं? तर ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, अहो, अख्ख्या यार्डाला माहीत आहे. बाजी भाऊच सांगतात.

तुझे आबा! दोन वर्षं झाली, घरात तुझं नाव काढत नाहीत. तुझा फोन आला की गॅलरीत जातात आणि पाण्याची टाकी भरली का बघतात, भर दुपारी, टाकी भरलेली असताना. आणि हाच माणूस यार्डात छाती काढून सगळ्यांना सांगत होता, "माझ्या पोराची गाडी आहे. माझ्या केबिनमध्ये वाढलाय तो. ही गाडी थाप नाही ओळखणार तर कोण ओळखणार? द्या बिनधास्त."

म्हणून सगळे द्यायला लागले. गाडी बहुतेक वेळा आपल्या हिशेबाने थांबायचीच, ओटा आला की. यांना वाटायचं थापेने थांबली. कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्या दिवशी ओटा यायला अजून थोडं अंतर होतं.

मी त्या बाकावर बसून रडले. मेलं, हसू पण आलं मधेच. कुणाला सांगू?

तुला चौदा एप्रिलचं जेवण आठवतं ना? तू म्हणालास, "आबा, तुमचं डिझेल आणि तुम्ही, दोघंही दहा वर्षांत संपणार." त्यांनी ताट सरकवलं, तू संध्याकाळची बस पकडलीस. मी म्हणत नाही की तू खोटं बोललास. दहा वर्षं पण लागली नाहीत, दोनच लागली. पण खरं बोलायची पण एक रीत असते रे.

तुमच्या कंपनीची माणसं येऊन गेली. बोर्ड लावलाय: गाडीला हात लावू नये. चूक हिलालची, असं त्यांचं म्हणणं.

आबा जेवत नाहीत. भाकरी तोडतात आणि ठेवून देतात. फोन कर. मला नको, त्यांना.

आई

१५ जानेवारी

प्रदीप,

नाही केलास फोन.

काल उत्तरायण होती. आपल्या बिल्डिंगच्या अगाशीवर पण गेल्या वर्षीपासून सोलर बसवलंय, जिन्यातले दिवे आणि पाण्याची मोटर त्यावर चालते. पोरांना पतंग उडवायला एक कोपरा राहिलाय, तिथेच सगळी कोंबून उभी. पाट्यांवर सगळीकडे मांजा अडकलेला. एका आजोबांनी "पाटीवर पाय दिलास तर तंगडं मोडीन" म्हणून दिवसभर खुर्ची टाकून पहारा दिला. दर वर्षी आबा वर जातात, फिरकी धरतात, ओरडून ओरडून घसा बसवून घेतात. काल गेले नाहीत. जाकीट मांडीवर घेऊन बसले होते, सुलटं.

मी उंधियू वाढला आणि विचारलं, काय चाललंय मनात? तेव्हा बोलले.

२३ तारखेला शेठने मोठा कार्यक्रम ठेवलाय. बाकीच्या यार्डांचे मालक येणार, गाडी बघणार. पसंत पडली तर दिवाळीपर्यंत त्या पट्ट्यातले डिझेलचे ट्रक सगळे जाणार. गाडी भरलेली येईल, मागे घेईल, ओट्याला लागेल, माणसाचा हात न लागता.

"आणि मागे मी उभा राहणार," आबा म्हणाले.

"कशाला?"

"थाप द्यायला. ओट्याच्या आधीच देणार, जिथे हिलालने दिली तिथे. आणि ठोकळा लावणार."

"बोर्ड लावलाय ना, हात लावू नये म्हणून?"

"हाताला वाचता येतं का?"

"अहो, गंमत करताय का? हिलाल भाऊंचा पाय बघून आलात ना?"

तर शांतपणे म्हणाले, "हिलाल माझ्या शब्दावर वाकला. शब्द माझा होता आणि पाय त्याचा गेला. आता शब्द पण माझा आणि पाय पण माझा."

"आणि नाही थांबली तर?"

"पोराची गाडी आहे. थांबेल."

प्रदीप, मी त्यांच्याशी भांडले. हात जोडले. शेठला सांगीन म्हटलं, तर म्हणाले, सांग, मग मी या घरात परत येत नाही. तरी मी आज गेलेच, दोन रिक्षा बदलून इच्छापोरला. शेठ चांगला माणूस आहे, चहा दिला, पण काय बोलला माहीत आहे? "बेन, बाजीराव तो जूनो ड्राइवर छे. एने कंई नहीं थाय." म्हणे जुना ड्रायव्हर आहे, त्याला काही होणार नाही. त्याला कळलंच नाही मी काय सांगतेय. जुना ड्रायव्हर म्हणून काय चाकाखाली जात नाही का?

बाहेर आले तर आबा गेटवर उभे. मला बघितलं. रिक्षा करून दिली. घरी आले की नाही ते विचारशील तर आले. पण माझ्याशी बोलत नाहीत.

मला तुझी गाडी नको असं नाही रे. मी चाळीस वर्षं डिझेलचा वास धुतेय, शर्टाचा, उशीचा. आबांच्या छातीतून जे काळं यायचं ते मी बघितलंय. सुरतेच्या सगळ्या गाड्या उन्हावर चालू देत, मला आनंद आहे. पण पहिल्याच वर्षी तुझ्या गाडीखाली तुझा बाप गेला तर मी त्या उन्हाचं काय करू? हे वाक्य मी खोडून खोडून लिहिलंय. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

तू ये. नाहीतर गाडीला शिकव. आठवडा आहे.

आई

२० जानेवारी

प्रदीप,

तू आला नाहीस, तुझ्या हाताखालची शर्वरी आली.

आधी मला वाटलं सून आणलीस की काय न सांगता. नीट केस बांधलेली, पाठीला मोठी बॅग, दारातच "काकू, पाणी मिळेल का" म्हणाली. चार दिवस यार्डात होती म्हणे, गाड्यांच्या खाली पडून. नखांत ग्रीस. मला पोरगी आवडली, पण ते जाऊ दे.

तिने सांगितलं की कंपनीने तुला घरी बोलायला मनाई केलीय. अपघाताची चौकशी चालू आहे, आणि अपघात झालेल्या माणसाचा जोडीदार म्हणजे तुझा बाप, म्हणून. मग मला तुझं "बघतो" कळलं. तरी पण राग गेला नाही. मनाई मोडायची असते रे अशा वेळी.

मग ती म्हणाली, "काकू, थाप कशी देतात ते दाखवाल?" मी लोखंडी कपाटावर एक दिली. तिने बॅगेतून थापेचा आवाज टिपायची एक डबी काढून कपाटाला चिकटवली आणि म्हणाली, अजून द्या. मी देत राहिले. शेजारीण धावत आली, कपाट पडलं का म्हणून. मी म्हटलं, नाही गं, सोलरचं काम चाललंय.

मी सरळ विचारलं, "गाडीला थाप शिकवताय ना? कळायला लागली का?"

ती खोटं बोलली नाही. तिने सांगितलं की गाडीच्या पत्र्याला आतून असे कान बसवलेत, आणि चाकांजवळ खाली नवे डोळे. पण यार्डात आवाज फार. गाठ आपटली तरी गाडीला वाटतं थाप, आणि थांबते. ते चालेल. पण कधी कधी खरी थाप दिली तरी तिला वाटतं गाठ आपटली, आणि ती थांबत नाही.

"कधी कधी म्हणजे?"

"कमी कमी होत चाललंय, काकू. पण अजून होतं."

"मग तेवीस तारखेला माझ्या नवऱ्याला उभं राहू द्यायचं का?"

तिने डबी बॅगेत टाकली. मग म्हणाली, "मी आबांना तीनदा सांगितलं. ते म्हणाले, तू परकी पोर आहेस, तुझ्यावर मी कसा विश्वास ठेवू, आणि तुझ्यावर अविश्वास तरी कसा ठेवू." त्यांचा हात डबीसाठी मागितला, तर दिला नाही. म्हणाले, जी थाप द्यायची ती त्या दिवशीच देईन, आधी शिकवून ठेवलेली थाप म्हणजे फसवणूक.

आता तू ऐक. ते तुझंच ऐकतील. मनाई गेली खड्ड्यात. आबांना फोन कर आणि एवढंच म्हण, "आबा, माझी गाडी अजून शिकतेय. उभे राहू नका." त्यात कमीपणा नाही. पण मला माहीत आहे, तुला ते वाक्य जमणार नाही, आणि त्यांना "बरं" म्हणायला जमणार नाही. दोघं एका पिठाचे. मीच एक मूर्ख मधे उभी आहे, पत्रं लिहीत.

आई

२२ जानेवारी

प्रदीप,

हे तुला कार्यक्रमानंतरच मिळेल, तरी लिहितेय, कारण दुसरं काही सुचत नाही.

आज दुपारी आबांनी जाकीट धुतलं. स्वतः. बुटांना पॉलिश केलं. मग हिलाल काकांना बघायला गेले, तासभर पायाशी बसले म्हणे. ज्योती काकूने फोन करून मला सांगितलं, "वहिनी, त्यांना आवरा. आम्हाला पाय मिळाला नाही तरी चालेल." ती पण रडत होती.

शर्वरी अजून यार्डातच आहे. फोन केला तर मागून गाडीचा टीं टीं आवाज येत होता. म्हणाली, काकू, नंतर बोलते.

मी ठरवलंय, उद्या मी पण जाणार. आबांना सांगितलं, डबा घेऊन येते. नको म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "भिंतीच्या कडेला उभी राहा. पुढे येऊ नकोस."

मी त्यांना घट्ट धरून ठेवायला पाहिजे होतं. नाही धरलं. उद्या काही झालं तर तू मला विचारशील, का नाही धरलंस.

आई

२४ जानेवारी

प्रदीप,

आबा धडधाकट आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. शर्वरीने तुला काल कळवलंच असेल, पण तिने जे बघितलं ते एक, आणि मी बघितलं ते वेगळं.

मांडव घातला होता. मोठमोठे लोक, उसाचा रस, खुर्च्यांना पांढरे कपडे. वर ऊन मरणाचं, आणि शेठ सारखा त्या पाट्यांकडे बोट दाखवत होता, जणू त्यानेच ऊन पाडलंय. आबांचा ट्रक मागे भिंतीशी उभा. कुणीतरी त्याच्यावर कार्यक्रमाचं कापड टाकून झाकला होता.

तुझी गाडी आली. डिझेलचा ट्रक येतो तेव्हा पायाला जमीन सांगते. ही आली तर काहीच नाही, नुसतं टीं टीं. वळली, आणि मागे यायला लागली. भरलेली होती, गाठी छतापर्यंत. आबा मागे उभे, बगलेत लाकडी ठोकळा. मनोऱ्यातला माणूस माइकवरून ओरडला, "मार्शल, बाजूला व्हा." आबांनी वर बघितलंसुद्धा नाही. शर्वरी माझ्या शेजारी होती. तिने माझा हात धरला की मी तिचा, काय माहीत. डब्याचं झाकण निघून भाजी माझ्या साडीवर सांडली ते मला घरी आल्यावर कळलं.

आबांनी थाप दिली. एकच. आणि लगेच वाकले. थांबली का बघायला एक क्षण तरी थांबायचं की नाही? नाही. वाकलेच, तसेच, हिलाल काकांसारखे, डोळे झाकून.

गाडी आली अजून. वीतभर आली, प्रदीप. मला फक्त आबांची पाठ दिसत होती, हिरवी, आणि तिच्या पुढ्यात ते चाक.

मग टीं टीं बंद झालं.

आबांनी ठोकळा चाकामागे सरकवला, नीट, टोक दाबून. उठले. गुडघा धरून उठले, वय झालंय. मांडवात टाळ्या सुरू झाल्या. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. शेठ पण वाजवत होता. आमची यार्डातली माणसं मात्र वाजवत नव्हती, ती नुसती बघत होती. मारुती शिडीवर होता, त्याने शिडीच घट्ट धरून ठेवली होती.

तुझं काम इथे संपलं असतं तरी मी तुला माफ केलं असतं. पण पुढचं ऐक.

आबांनी वाकून ठोकळा काढला. मनोऱ्यातला माणूस माइकवर सांगत होता की आता आम्ही बटण दाबून गाडी ओट्याला नेऊ. आबा गाडीच्या मागून बाजूला झाले. पत्र्यावर हात ठेवून उभे राहिले थोडा वेळ, नुसताच हात. आणि मग त्यांनी दोन थापा दिल्या.

दोन म्हणजे जाऊ दे. मागचं सगळं ठीक आहे, निघा. एवढं तर तुला माहीतच आहे. ट्रक लांबच्या फेरीला निघायचा तेव्हा तू गल्लीत मागे उभा राहून टाचा उंच करून द्यायचास ना, दोन? तुझा हात पोचायचा तो पत्र्याच्या अगदी खालच्या कडेला. तू दिल्याशिवाय आबा गाडी हलवायचे नाहीत. एकदा तू झोपला होतास तर तुला उठवून, खांद्यावर घेऊन मी खाली नेलं होतं.

दोन थापा दिल्या, आणि तुझी गाडी निघाली. मनोऱ्यातल्याने बटण दाबलंच नव्हतं. तो माइकवरच म्हणाला, "अरे, मी नाही केलं." हळूहळू ओट्याला जाऊन लागली.

मी शर्वरीकडे बघितलं. तिला पण माहीत नव्हतं. म्हणाली, ते सरांनी स्वतः टाकलं असेल, शेवटच्या दिवशी. मग तिने मला सांगितलं की तू तिकडे पुण्यात सुट्टीच्या दिवशी पण गाडीच्या मागे उभा राहून थापा देत होतास. दुसऱ्या कुणाला उभं राहू दिलं नाहीस. उजवा हात सुजलाय म्हणे, चमचा धरवत नाही. अरे गाढवा, कुणी सांगितलं होतं तुला चाकामागे उभं राहायला? बापाला अडव म्हणून मी इथे रक्त आटवतेय आणि तू तिकडे तेच करतोस. हळद लाव हाताला.

यार्डातून आबा घरी आले नाहीत, सरळ हिलाल काकांकडे गेले. मी बरोबर होते. खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "थांबली रे."

काकांनी पांघरूण बाजूला केलं. मग म्हणाले, "मंग हाई मना पायले सांग."

मग हे माझ्या पायाला सांग. असं म्हणाले आणि हसले, आणि आबांनी त्यांचा पाय, पट्टीचा, मांडीवर घेतला आणि रडले. मी त्यांना रडताना आधी एकदाच बघितलंय, तू जन्मलास तेव्हा.

हे पण लिहून ठेव मनात. गाडी थांबली म्हणून हिलाल काकांची बोटं परत आली नाहीत. तुमच्या कंपनीचा तो बोर्ड, चूक हिलालची म्हणणारा, तो उतरवायला लाव. आणि कालच्या लोकांना गाडी पसंत पडली. दिवाळीपर्यंत डिझेलचे ट्रक जाणार, ते जाऊ देत. पण प्रत्येक ट्रकात एक आबा आहे आणि मागे एक हिलाल आहे. गाडीला थाप शिकवलीस, आता या माणसांचं काय ते पण शिक. सगळ्यांना पुरतील एवढी हिरवी जाकिटं नाहीत तुमच्याकडे.

आबा काल जेवले. भाकरी मागून घेतली अजून एक. जेवता जेवता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला दोन पण आठवल्या."

मी त्यांना वाढत राहिले. पण नंतर उठून आठवून आठवून बघितलं. मी तुला चार-पाच पत्रं लिहिली, शर्वरीला कपाटावर दाखवली, सगळीकडे एकाच थापेचं सांगितलं. दोनचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, प्रदीप. माझ्या मनातच आलं नव्हतं.

तुला सुट्टी मिळेल तेव्हा ये. मिळणार नसेल तरी ये. आबा दारात येणार नाहीत, गॅलरीत टाकी बघत असतील, तू मनावर घेऊ नकोस. बेल बंद आहे. दारावर थाप दे. एकच दे. दोन देऊ नकोस.

आई